हाडाने ऐकायचं मशीन

आमच्या घरात आवाज न करता बोलायची रीत होती. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालत, धोटे इकडून तिकडे आपटत, आणि त्या कल्लोळात शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी काही ऐकू जात नसे. म्हणून विणकर ओठांनी बोलत. घशातून आवाज काढायचा नाही, ओठ ठळक हलवायचे, अडलंच तर बोटांची मदत घ्यायची. चार साचे पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला बरोबर कळायचं. बोलणारा घाटावरचा असो की कोकणातला, ओठांवर सगळ्यांचीच भाषा सरळ आणि तुटक होत असे. गावाकडचे हेल काढायला तिथे वावच नव्हता.

ती भाषा बाबांनी घरी आणली, आईने उचलली, आणि मला ती पाळण्यापासून मिळाली. आम्ही तिघं जेवायला बसलो की तोंडं हलत आणि आवाज फक्त ताटांचा येई. गावाकडून आलेले पाहुणे यावर बावचळून जात. एका आतेने तर आमच्यात भांडण झालंय असं समजून दुसऱ्याच दिवशी गावी जायची बोट पकडली. आई बाबांना हाक मारत नसे. खोलीची जमीन फळ्यांची होती. ती टाचेने दोनदा ठोकायची, बाबांच्या तळपायाला हादरा कळायचा आणि ते वळून बघायचे. खालच्या बिऱ्हाडातली बाई त्यावरून वर्षानुवर्षं कुरकुर करत होती.

यामुळे झालं काय, तर बाबांना ऐकू येत नाही हे आमच्या लक्षातच आलं नाही. सांगताना आजही मला ओशाळल्यासारखं होतं. पण आमच्या मजल्यावरचे निम्मे पुरुष साचेखात्यातले. ते एकतर ओरडून बोलायचे नाहीतर ओठांनी, आणि सगळेच दर दोन वाक्यांनी "काय?" म्हणायचे. त्यात कोण किती बहिरा झालाय, हे बघायला कोणाला सवड होती?

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळला मैदानावर सभा असली की बाबा मला सोबत घेऊन जात. बायका तर बायका, म्हाताऱ्याही जात, त्यामुळे मुलीला कशाला नेता असं कोणी म्हणत नसे. वक्ता लांब, त्याच्या तोंडापुढे माइक, म्हणजे त्याचे ओठ दिसायची सोय नाही. मग बाबा दिव्याच्या खांबाजवळची जागा धरत, मला उजेडाकडे तोंड करून बसवत आणि स्वतः वक्त्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत. मी भाषण ऐकायची आणि ओठांनी त्यांना सांगायची. लांबण लागली की मी माझ्या मनानेच कापायची. त्यांना चळवळ जी काही कळली ती माझ्या कात्रीतून कळली, आणि मी तेव्हा जेमतेम मॅट्रिकच्या जवळ आले होते. तरी घरी जाताना ते इतक्या तावातावाने सगळं समजल्यासारखे बोलायचे की मला हसू यायचं.

एकदा गडबडीच्या दिवसांत ते पाळीवरून परत येत होते. पोलीस रस्ता रिकामा करत होते. पोलिसाने मागून थांबायला सांगितलं, बाबा चालत राहिले. काठी खांद्यावर बसली तेव्हा त्यांना कळलं की मागे कोणी आहे. सुजलेला खांदा घेऊन ते घरी आले आणि शांतपणे म्हणाले, "तो मागसून इलो, माका दिसाक नाय." आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने चांगलं मोठ्याने त्यांना "अहो" म्हटलं. ते खांदा चोळत बसले होते तसेच बसून राहिले.

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा आपटून तो आधी कानाशी धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला, मग कपाळावर. बराच वेळ ते करत होते. शेवटी आईला म्हणाले की पडदा चांगला आहे, बिघाड आतल्या शिरेत आहे, गिरणीच्या आवाजाने ती गेली. कानातून आवाज घाला नाहीतर हाडातून घाला, शेवटी पोचवायची ती शीरच, आणि तीच मेलेली. मशीन लावलंत तर आवाज आला एवढं समजेल, शब्द समजणार नाहीत. त्यांनी हे नीट, न रागावता सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं "आवाज समजेल" एवढंच घरी आणलं.

आईला हे मशीन का हवं होतं, ते मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोलिसाची काठी हे कारण तिने शेजाऱ्यांना दिलं. मला तिने तांदूळ निवडताना खरं सांगितलं. "दिवो मालवलो की माका घोव नसता," ती म्हणाली. ओठांची भाषा उजेडात चालते. अंधारात बाबा तिच्यापुरते नाहीसे होत. आणि उजेडात बोलावं तर खोलीचं दार सदा उघडं, बाहेर गॅलरी, गॅलरीत उभा असलेला जो तो साचेवाला. आमचे ओठ सगळ्या मजल्याला वाचता येत होते. लग्नाला सोळा-सतरा वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याजवळ हळूच दोन शब्द बोलायची सोय नव्हती. माझ्या पाठची दोन जगली नाहीत, त्यांच्याबद्दलसुद्धा ती दोघं कधी मनमोकळी बोलली नसणार. तिला तेवढंच हवं होतं. अंधारात बोलावं आणि त्यांनी ऐकावं.

गिरगावात एक चष्म्याचं दुकान होतं, तिथे कानाची मशीनं मिळत. आम्ही तिघं गेलो. दुकानदार गोड बोलणारा, त्याचे दात मला अजून आठवतात. त्याने साबणाच्या वडीएवढी एक पेटी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. पेटीतून वायर निघत होती आणि वायरीच्या टोकाला एक काळी गोटी. ती कानात घालायची नव्हती. डोक्यावरून जाणाऱ्या पोलादी पट्टीने ती कानामागच्या हाडावर घट्ट दाबून बसवायची. "कान गेला तर जाऊ दे," दुकानदार म्हणाला, "हाड कुठे गेलंय?"

बाबांना हे एकदम पटलं. साचेखात्यातला माणूस कानाने काम करतच नाही. धागा तुटला, धोटा अडकला, की ते त्याला पायाखालच्या जमिनीतून आणि साच्यावर ठेवलेल्या हातातून समजतं. हाडाने ऐकायचं म्हणजे काय हे आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती, आमचं घरच टाचेच्या ठोक्यावर चालत होतं. दुकानदाराने पेटीचं बटण फिरवलं आणि पेटीजवळ बोटांनी टेबल वाजवलं. बाबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी गोटीवर हात दाबला.

"येता," ते म्हणाले. "साचो चालू झाल्यासारखा वाटता."

आई तिथेच रडायला लागली. गोटी हाडावर थरथरत होती आणि ती थरथर बाबांना कातडीला कळत होती. आम्ही सगळ्यांनी त्यालाच ऐकणं म्हटलं. दुसऱ्या कुठल्या घरातल्यांनी म्हटलं असतं की नाही, मला शंका आहे. डॉक्टरांचं बोलणं कोणालाही आठवलं नाही. आईच्या पाटल्या गेल्या, मशीन आलं.

दुकानदाराने निघताना बजावलं, "बाई, आता ते तोंडाने मुकं बोलणं एकदम बंद. नाहीतर ते ओठच बघत बसतील, मशीनची सवय लागणार कशी? पाठ करून बोला, लांबून बोला. पहिले दोन-चार महिने कमी समजेल, मग बघा."

आईने हे व्रतासारखं पाळलं. टाच ठोकणं बंद झालं. आम्ही मुद्दाम भिंतीकडे, चुलीकडे तोंड करून बोलायला लागलो. पहिल्या आठवड्यात बाबा "काय?" "काय म्हणालंस?" विचारायचे. दर वेळी आईचा चेहरा पडायचा आणि ती तेच वाक्य पुन्हा, पाठ करून, म्हणायची. मग हळूहळू "काय?" कमी झालं आणि बाबा "हं" म्हणायला लागले. आई मजल्यावरच्या बायकांना सांगत सुटली की सवय लागली. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. सभेला बाबा मशीन लावून यायचे, मी शेंगदाणे खात स्टेजकडे बघत बसायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या की ते वाजवायचे, घोषणेला हात वर करायचे. परत येताना मी विचारायची, कसं झालं भाषण? "बरो बोललो," ते म्हणायचे. पूर्वीसारखं तावातावाने बोलणं मात्र त्यांनी सोडलं होतं. मला वाटलं, वय झालं.

घरातही ते गप्प झाले. जेवताना खाली बघून जेवत, कारण वर बघून ओठ शोधले तर आई हाताने त्यांची हनुवटी बाजूला करायची. चेष्टेत करायची, प्रेमाने करायची. मशीन यायच्या आधी त्या खोलीत एकही गोष्ट अशी नव्हती जी बाबांना माहीत नसे.

रोज दिवा मालवला की आई पेटी हातात घेऊन बाबांच्या बाजूला पडायची. पेटीच्या तोंडाशी ओठ नेऊन कुजबुजायची. मी मोरीच्या बाजूला झोपत असे. मला शब्द कळत नसत, आणि कळून घ्यायचेही नसत. एका खोलीत वाढलेल्या मुलीला कान मिटून घेता येतात. पण सूर कळायचा. ती कितीतरी वेळ बोलायची, कधी मध्येच हसायची, आणि थोड्या थोड्या वेळाने बाबांचा "हं" यायचा. माझी आई इतकी बोलणारी बाई आहे हे मला तेव्हा समजलं. त्या दिवसांत ती सुंदर दिसायला लागली होती.

गौरी-गणपती आले. आमच्याकडे कोकणातली पद्धत, गौरीचं सोवळं कडक. बाईची अडचण असली तर तिने कोपऱ्यात बसायचं, आणि मग सगळ्या चाळीला कळायचं. त्या वर्षी आईने सगळं स्वतः केलं, गौर आणली, घाटल्यापासून वड्यांपर्यंत रांधलं, सुपं भरून गौरीचा ओवसा झाला. त्यानंतर ती बारीक होत गेली. विचारलं तर म्हणायची, दमायला झालं. अंधारातलं बोलणं चालूच होतं, पण सूर बदलला होता. आता हसू नव्हतं. ती काहीतरी विचारत असल्यासारखी वाक्याच्या शेवटी थांबायची. "हं" आला की गप्प व्हायची.

एके दिवशी दुपारी ती खालच्या नळावर कळशी उचलताना बसली, ती उठेना. चार बायकांनी धरून इस्पितळात नेलं. तपासणारी डॉक्टर बाई होती, आणि तिने हात धुता धुता आईला झापलं. "इतके महिने काय करत होतात? आता गर्भाशयाच्या बाहेर पसरलंय. कोणाला बोलला नाहीत?"

खाटेच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला मशीन लावलेले बाबा. आई छताकडे बघत, बारीक आवाजात, पण सगळं सरळ बोलली. गौरीच्या दिवशीच अंगावर जायला लागलं होतं. पाळी नव्हती, अवेळी होतं. सांगितलं असतं तर कोपऱ्यात बसावं लागलं असतं, गौर तशीच राहिली असती, म्हणून लपवलं आणि त्याच अंगाने नैवेद्य केला. मग थांबेचना. देवीचा कोप वाटून कोणाला सांगायची हिंमत झाली नाही.

"ह्यांका सांगलंय," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून ह्यांका सगळा सांगलंय. डॉक्टराकडे जावया काय, म्हणान इचारलंय. हं म्हणतत, आणि माका नेणत नाय. तेंका काय वाटणा नसात तर मी तरी किती वेळा इचारू?"

मी बाबांकडे बघितलं. ते डॉक्टरीणबाईंकडे बघून जरासे हसत होते आणि मान हलवत होते. आपल्याला चांगलं ऐकू येतंय असं दाखवायला माणूस जसं हसतो तसं.  वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर ओठ हलवले. मुलीने बापाला सांगायची ती गोष्ट नव्हती, तरी सांगितली. काय झालंय ते, कधीपासून ते, आणि तिने तुम्हाला रोज सांगितलं होतं तेही.

बाबांचं हसू जायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी खाटेचा दांडा धरला.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. बाबांनी डोक्यावरची पट्टी काढली. गोटी जिथे दाबून बसायची तिथे कातडी काळी पडून खड्डा पडला होता, आणि खड्ड्यात जखम होती. आम्हाला ते कधी दिसलं नव्हतं, ते टोपी घालत. ते खाटेच्या कडेवर बसले, आईचं तोंड हाताने स्वतःकडे वळवलं आणि ओठांनी बोलले. गिरणीतलं बोलणं, आवाज नसलेलं.

"मला काही ऐकू आलं नाही."

 आईचे ओठ हलले. "गौरीचं?"

"काहीच नाही. पहिल्यापासून काहीच नाही."

मला वाटलं ती आता किंचाळेल. बाबांना माफ करण्याची माझी तरी तयारी नव्हती. त्या क्षणी मला त्यांचा, मशीनचा आणि गिरगावातल्या त्या गोड दातांचा सारखाच संताप आला होता. आईच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. वर्षभर अंधारात ती कोणाशी बोलली, हेच ती मनात शोधत असावी.

"मग हं कशाला म्हणायचात?" तिने विचारलं.

बाबांनी खिशातल्या पेटीचं बटण बंद केलं. 

"तू बोलत होतीस म्हणून," ते म्हणाले. "तुला थांबवायचं नव्हतं."

 वॉर्ड भरलेला होता. भेटायला आलेल्यांत गिरणीतली माणसं होती, पलीकडच्या खाटेशी तर बाबांच्याच खात्यातला एक जॉबर, म्हणजे मुकादम, बायकोचं डोकं चेपत बसला होता. त्यातला जो कोणी मान वळवील त्याला आमचे ओठ वाचता आले असते. आईने बाबांच्या मांडीला हात लावून त्यांना आणखी जवळ, खिडकीच्या उजेडात, सरकायला लावलं. आणि मग तिने त्या सगळ्यांच्या देखत, एक एक शब्द ठळक करून, त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कुठे दुखतं, किती जातं, भीती कशाची वाटते, आणि गेलेल्या दोन मुलांबद्दलही. मी मान फिरवली, पण जाणवत होतं की ती थांबत नाहीये. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी ती बोलत होती. बाबा तिच्या तोंडावरची नजर न हलवता बसले होते, आणि ते एकदाही हं म्हणाले नाहीत.